आईच्या नावाचा पलंग

रंगनाथ टेलरच्या गळ्यात टेप असायचा. तो जेवतानाही असायचा आणि देवदर्शनालाही असायचा. माप घेताना मात्र रंगनाथ माणसाकडे बघत नसे. पुरुषाची छाती मोजताना तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघे, आणि बाईमाणसाचं माप घेण्याची वेळ त्याने आयुष्यात येऊ दिली नाही. "जुनी चोळी आणून द्या," म्हणायचा. जुनी चोळी तीन वर्षांपूर्वीची असली की नवीही तीन वर्षांपूर्वीच्याच बाईला बसेल अशी व्हायची. बायका शिव्या देत, पण कापड त्याच्याकडेच टाकत. सोनईचा टेलर काम चांगलं करायचा, पण बघायचा.

आमचं गाव शनिशिंगणापूर. इथे घराला चौकट असते, दार नसतं. राखण देवाची. बाहेरून दर्शनाला आलेली माणसं तोंडात बोट घालतात. ज्यांना रात्री आपल्या गावी जाऊन कडी-कुलूप लावायचं असतं, ती कौतुक जरा जास्तच करतात. चोर येत नाही, म्हणून दार नको, हा हिशेब बरोबरच आहे. फक्त दार काही चोरासाठीच नसतं. हे गावात जन्मलेल्या माणसाच्या लक्षात यायचं कारण नाही. रंगनाथच्याही आलं नव्हतं. ते त्याच्या बायकोच्या लक्षात आलं.

मनकर्णा पारनेरकडची. तिच्या माहेरी दाराला आतून कडी होती, वर आडणाही होता. लग्न होऊन आली त्या दिवशी तिने घरात सगळीकडे नजर फिरवली आणि समोरच्या घरातल्या लंकाबाईला हळूच विचारलं, "हितं कडी कुठंय?"

लंकाबाईने ही गोष्ट गावभर केली. "पारनेरची लोकं आल्या आल्या कडी शोधत्यात गं बाई. काय येवढं सोनंनानं आणलंय कुनास ठावं."

रंगनाथचं घर म्हणजे पुढे ओटा आणि आत एक खोली. दिवसभर शिलाईचं मशीन ओट्यावर, संध्याकाळी आत. चौकटीला गोणपाटाचा पडदा. खोलीत एका भिंतीला चूल, एका भिंतीला मशीन, आणि उरलेल्या जागेत तीन अंथरुणं: रंगनाथचं, मनकर्णेचं आणि रंगनाथच्या आईचं. आईचं नाव बनुबाई. बनुबाईची वाकळ सुनेच्या अंथरुणापासून दोन हातांवर. म्हातारीची झोप सावध. कुणी कूस बदलली तरी ती विचारायची, "पानी पायजे का रं?"

तीन वर्षं अशी गेली आणि घरात पाळणा हलला नाही. बनुबाईने देवाला साकडं घातलं. बायका चौथऱ्यावर चढत नसत, म्हणून तेल घालायचं काम रंगनाथकडे. दर शनिवारी तो विहिरीवर अंघोळ करून ओल्या पंच्याने चौथऱ्यावर जायचा, आणि खाली उभी राहिलेली बनुबाई आल्यागेल्या यात्रेकरूंना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "नीट मागून घे रं. लाजू नको देवाला." रंगनाथ मान खाली घालून तेल ओतायचा. आई देवाला जे मागत होती, ते देण्यात देवाची अडचण काय आहे, हे देवाला ठाऊक असावं, रंगनाथला ठाऊक होतं आणि मनकर्णेला तर होतंच.

मनकर्णा ओट्यावर बसून काजबटणं करायची. एकदा दोरा दाताने तोडत ती म्हणाली, "देवाला इतक्या येळा सांगताय. आत्याबाईंना येकदा सांगा."

"काय सांगू?"

"तेच तर."

रंगनाथ मशीन चालवत राहिला. मशीनमध्ये कापड नव्हतं.

"सांगू नका मग," ती म्हणाली. "पन कायतरी करा. न्हाईतर मी आपली जाते पारनेरला, तितं निदान येकटीला कडी लावून रडता येतं."

हे ती हसून म्हणाली, पण त्याच आठवड्यात तिने माहेरहून आणलेली ट्रंक झाडूनपुसून ठेवली. रंगनाथने ते पाहिलं. गावातल्या दोन सुना अशाच माहेरी गेल्या होत्या, चार दिवसांसाठी म्हणून.

लग्नानंतर रंगनाथ पहिल्यांदा सासुरवाडीला गेला तेव्हा तिथल्या ज्वारीच्या रानात पाखरं राखायचा माळा होता. चार मेढी, वर फळ्या, चढायला शिडी. राखणीच्या निमित्ताने ती दोघं त्या माळ्यावर दुपारभर बसली होती. पाखरांनी त्या दिवशी बरीच ज्वारी खाल्ली असावी. दोघांनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलण्याची तेवढी एकच दुपार. आता रंगनाथच्या डोक्यात तो माळा पुन्हा आला, घरात, लोखंडाचा. चार उंच पाय, वर दोघांना पुरेल एवढी रुंदी, खाली मशीनही राहील आणि आईची वाकळही. चारी बाजूंनी पडदा. पडदा काय, तो स्वतःच शिवणार होता. आईचं छप्पर तेवढं दोघांच्या वजनाचं होणार होतं, पण त्याचा विचार त्याने पुढे ढकलला. घरावरच्या पत्र्याखाली उकडलं असतं. उकडण्याची लाज वाटत नाही.

बनुबाई देवळात गेली असताना त्याने शिवणाच्या खडूने जमिनीवर चौकोन आखला आणि मनकर्णेला दाखवला. ती चौकोनाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. मग खाली बसली. मग हसली. नंतर त्यावर पटकूर अंथरलं.

"आत्याबाईंना सांगाल ना पन?"

"सांगतो की."

रंगनाथ 'सांगतो' म्हणाला की काम शिवून व्हायचं, सांगून कधीच नाही.

पलंग करणारा मच्छिंद्र घोडेगावचा. हमरस्त्याला त्याचं वेल्डिंगचं दुकान. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. तेव्हा घोडेगावात मोटा जाऊन इंजिनं येत होती आणि मच्छिंद्रला वेळ नसायचा. रंगनाथ गेला तो नेमका बाजाराच्या दिवशी. दुकानापुढे पाचसात शेतकरी नांगराचे फाळ, खिडक्यांचे गज असलं काय काय घेऊन बसलेले.

मच्छिंद्रने त्याला आधी तयार माल दाखवला. एक दवाखान्यातली खाट होती, पांढऱ्या रंगाची, पायाला चाकं.

"ही घे. हलकी हाय."

रंगनाथला त्या खाटेवर मेलेली माणसं दिसायला लागली.

दुसरी नगरच्या लष्कराच्या लिलावातली, एकावर एक अशी जोडखाट. "शिपायांची हाय. येक वर झोपतो, येक खाली."

रंगनाथने ती चारी बाजूंनी पाहिली. वर आपण, खाली मनकर्णा आणि शेजारी आई. त्याने मान हलवली.

तिसरा सांगाडा मागे भिंतीला टेकवलेला होता. उंच पायांचा, ऐसपैस, बाजूला शिडी. कोणा बागाइतदाराने खाली कांदा साठवायला आणि वर राखणदाराने निजायला सांगितला होता, मग त्याचा विचार बदलला. रंगनाथने गळ्यातला टेप काढला, रुंदी मोजली, उंची मोजली. इतकं बरोबर माप त्याला कोणत्याही गिऱ्हाइकाच्या अंगावर सापडलं नव्हतं.

"हाच."

"हा?" मच्छिंद्र डोळ्यांपुढची वेल्डिंगची काळी काच वर करून म्हणाला. "लई रुंद हाय टेलर. किती जनांचा पायजे?"

फाळवाले, गजवाले सगळे वळून बघायला लागले. एक जण तंबाखू मळायचा थांबला. 'दोन' हा शब्द काही अवघड नाही. कापडाच्या बाबतीत रंगनाथ तो दिवसातून वीसदा उच्चारायचा.

"आईसाठी," तो म्हणाला.

"म्हातारीला? येवढा उंच?"

"विंचू लई निघत्यात. खाली निजते ना."

"आन रुंद कशाला?"

"ती जरा... लोळते."

बनुबाई म्हणजे तुरीची काटकी. पण घोडेगावात तिला कोणी पाहिलेलं नव्हतं. मच्छिंद्रने हातातली हातोडी खाली ठेवली. बसलेल्या लोकांकडे वळून म्हणाला, "बघा. इतकी वर्सं पलंग करतोय. सगळे हुंड्यात जात्यात. आयसाठी पलंग न्यायला आलेला ह्यो पहिला गडी."

"न्हाईतर आमची पोरं," फाळवाला म्हणाला, "बायलीला गादी आन आयला गोनपाट."

सगळे गंभीर झाले. तंबाखूवाल्याने रंगनाथपुढे चिमूट केली. रंगनाथ तंबाखू खात नव्हता. त्या दिवशी त्याने खाल्ली आणि एसटीत बसेपर्यंत त्याला गरगरत होतं. त्याने पलंग हलवून पाहिला नाही, कुरकुरतो का बघितलं नाही. चार लोकांसमोर पलंग हलवून बघायचा कसा?

"रंगवून धाडतो," मच्छिंद्र म्हणाला. "नाव काय मातोश्रींचं?"

त्याने नाव सांगितलं. कशाला विचारतोय, हे विचारलं नाही.

घरी आल्यावर रोज सकाळी तो ठरवायचा, आज आईला सांगायचं. काय सांगायचं ते शब्द जुळवायचा. बनुबाई समोर आली की म्हणायचा, "आये, च्या झाला का?" मनकर्णा पडद्यासाठी फुलांचं छिटाचं कापड शिवत होती. सासूने विचारलं तर म्हणायची, "गिऱ्हाइकाचं हाय."

पलंग शनिवारी आला.

मच्छिंद्र स्वतः गाडीबरोबर आला होता. पुण्य लागायचं काम, म्हणून त्याने मुद्दाम देवाचा वार धरला. बैलगाडी ऐन दुपारी, यात्रेकरूंच्या गर्दीतून, चारी पाय आभाळाकडे केलेला पलंग घेऊन टेलरच्या ओट्यापुढे उभी राहिली. चार जणांनी तो उतरवून उभा केला, आणि लंकाबाई तिच्या ओट्यावरून ओरडली, "आरं आरं, शनवारचं लोखंड घरात? आन ह्या गावात? येडे का खुळे तुमी?"

ते मात्र खरं होतं. शनिवारी लोखंड घरात आणायचं नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दुसऱ्या गावात ते एखादे वेळी चालून गेलं असतं. मच्छिंद्रने जीभ चावली. पलंग रविवारी सकाळपर्यंत रस्त्यावर राहील असं ठरलं.

त्यामुळे गावाला तो नीट पाहायला मिळाला. उशाला हिरवा पत्रा बसवला होता. मच्छिंद्रने तो हमरस्त्यावरच्या ट्रक रंगवणाऱ्या पेंटरकडून स्वखुशीने रंगवून घेतला होता. दोन बाजूंना दोन कमळं, मध्ये पिवळ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद', आणि खाली 'श्रीमती बनुबाई यांचा पलंग. चि. रंगनाथकडून'.

बनुबाईला वाचता येत नव्हतं. मच्छिंद्रने वाचून दाखवलं. म्हातारीने पदराचं टोक तोंडाला लावलं. मग मुलाकडे बघून म्हणाली, "मला बोलला बी न्हाईस."

रंगनाथ टेपचं टोक बोटाला गुंडाळत उभा होता.

"अशी मानसं बोलत न्हाईत, मावशी," मच्छिंद्र म्हणाला. "विंचवाची काळजी हाय त्याला तुमच्या."

मनकर्णा पडद्याच्या आत उभी होती. तिने ते ऐकलं. फुलांचं छीट तिच्या हातात होतं. रंगनाथ पाणी प्यायला म्हणून आत आला, तेव्हा तिने ते घडी करून मशीनवर ठेवलं.

"आत्याबाईंच्या पलंगाला झालर लावा ह्याची," ती म्हणाली. "सोभून दिसंल."

"मने, मी सांगनार हुतो..."

"लोक वाट बघत्यात भाईर. जावा. श्रावणबाळ हाय तुमी."

दुपारभर माणसं येत राहिली. "टेलर, माळा घातलाय, पर ज्वारी कुठं पेरलीय?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "गोफन देऊ का आनून?" पण ही चेष्टा पत्रा वाचेपर्यंतच. वाचल्यावर चेष्टा करणारा टोपी नीट करायचा. म्हातारे आपल्या मुलांना बोलावून पत्रा दाखवत होते. ज्या मुलांना दाखवला, ती रंगनाथकडे अशा नजरेने बघत होती की त्याला त्यांची माफी मागावीशी वाटली. नेवाशाकडच्या एका यात्रेकरूने, शनिवारी शिंगणापुरात एवढं मोठं लोखंड उघड्यावर उभं आहे म्हणजे तेही देवाचंच असणार, असं समजून पलंगाच्या पायावर तेल ओतलं, रुईच्या पानांची माळ घातली आणि काळे उडीद वाहून हात जोडले. मागचे चार जण रांगेत उभे राहिले.

शिव्यांनी माणूस मेल्यासारखा होतो म्हणतात. कौतुकाचा अनुभव रंगनाथला त्या दिवशी आला. ओट्यावर मशीन होतं, शिवायला कापड होतं, पण मान वर केली की पिवळी अक्षरं, आणि खाली घातली की पुन्हा कोणी तरी येऊन म्हणायचं, "असा ल्योक पायजे."

ऊन कलल्यावर लंकाबाई म्हणाली, "बनाक्का, घरात नाय न्यायचा, पर चढायला कुनी मना केलंय? चढून दाव की."

बनुबाई नको नको म्हणत शिडी चढली. लोखंड कुरकुरलं, चांगलं मोठ्याने. वर जाऊन ती मांडी घालून बसली. खाली पन्नासेक माणसं. म्हातारीला इतक्या उंचावरून गाव कधी दिसलं नव्हतं. तिने देवळाकडे बघून हात जोडले, लंकाबाईच्या पत्र्यावर वाळत घातलेल्या मिरच्या पाहिल्या, आणि मग तिची नजर स्वतःच्या घराकडे गेली.

चौकटीचा पडदा चौकटीएवढाच होता आणि वरून झोळ पडलेला. रस्त्यावर उभ्या माणसाला आतलं काही दिसत नसे. माळ्याएवढ्या उंचीवर बसलेल्या माणसाला सगळी खोली दिसत होती. आत मनकर्णा गुडघ्यावर बसली होती. तिने पटकूर बाजूला सारलं होतं आणि ओल्या फडक्याने जमिनीवरचा खडूचा चौकोन पुसत होती. तीन बाजू राहिल्या होत्या. बनुबाईने चौकोन बघितला आणि आपण बसलो होतो तो पलंग बघितला. मग चौकोनाच्या आत जिथे रोज आपली वाकळ पडते ती जागा बघितली, आणि तिथून सुनेच्या अंथरुणापर्यंतचं अंतर. तीन वर्षं त्या खोलीत झोपून ते तिला दिसलं नव्हतं. हे तिने पुढे कधीतरी लंकाबाईला सांगितलं. आणि नवल म्हणजे लंकाबाईने ही एक गोष्ट पुष्कळ वर्षं कोणाला सांगितली नाही.

"काय दिसतंय गं?" लंकाबाईने खालून विचारलं.

"समदं दिसतंय," बनुबाई म्हणाली, आणि उतरली. उतरताना रंगनाथने हात पुढे केला. तिने तो धरला नाही, शिडी धरली.

रविवारी सकाळी पलंगाचे बोल्ट काढून तो तुकड्यांनी आत नेला आणि आत पुन्हा उभा केला. बघायला आळी जमली होतीच. मशीन खाली बरोबर बसलं. लंकाबाईने बनुबाईची वाकळ उचलली आणि ती वर टाकणार, तेवढ्यात बनुबाई म्हणाली, "थांब. त्याच्यावर मला न्हाई निजता यायचं."

"का गं?"

"शनवारचं तेल पडलंय त्याच्यावर. देवाचं तेल पडलेल्या लोखंडावर बिनजोडीच्या मानसानं निजू न्हाई. जोडप्यानंच निजायचं अस्तं."

असा रिवाज कोणी ऐकला नव्हता, पण ऐकला नव्हता असं म्हणायला कोणी तयार नव्हतं. या गावात राहून शनीचा रिवाज माहीत नाही, ही कबुली द्यायची कोणी?

"व्हय की," लंकाबाई म्हणाली, आणि बनुबाईकडे एकदा नीट बघून पुढे म्हणाली, "माजी सासू बी हेच म्हनायची."

"आमच्या आज्याचं पन तसंच हुतं," मागून एक म्हातारा म्हणाला.

पुढे आमच्या आळीत हा रिवाजच झाला. लोखंडी खाट आली की तिच्यावर शनिवारचं तेल पाडायचं आणि ती नव्या जोडप्याला द्यायची. काही म्हाताऱ्यांना त्यामुळे जमिनीवर झोपावं लागलं. रिवाज कुठून आला असं कोणी विचारलं तर फार जुना आहे, असं सांगतात.

माणसं पांगली. मनकर्णेने सासूकडे बघितलं, मग चुलीपुढे जाऊन बसली आणि विझलेली चूल फुंकायला लागली. रंगनाथ पान्हा घेऊन उशाचा हिरवा पत्रा काढायला गेला.

"ऱ्हाऊ दे," बनुबाई म्हणाली. "गावानं वाचलाय. काढलास तर ईचारतील."

संध्याकाळी भाकरी खाऊन झाल्यावर तिने आपली वाकळ गुंडाळली, काखेत मारली आणि चौकटीपाशी गेली. "पत्र्याखाली लई उकडतंय. आजपास्नं मी लंकीच्या ओट्यावर."

रंगनाथने पुढे होऊन तिच्यासाठी पडदा बाजूला धरला. काहीतरी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "आये, विंचू असत्यात भाईर."

बनुबाई थांबली. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि तो कॅलेंडरकडे बघायला लागला.

"रंगा," ती म्हणाली, "पुढच्या बारीला माज्या नावावर काय आननार असशील, तर आदी मला सांगत जा. म्हंजे मला बी तसं वागता येतंय. काल दिसभर मी समद्यांम्होरं खरंच मानून बसले हुते."

ती ओट्याच्या पायऱ्या उतरून रस्ता ओलांडून गेली. समोर लंकाबाईने जागा करून दिली. बनुबाईने वाकळ झटकली, अंथरली आणि यांच्या घराकडे पाठ करून आडवी झाली.

रंगनाथ पडदा धरून उभाच राहिला. आतून मनकर्णा म्हणाली, "सोडा आता तो."

दार असतं, तर त्याने ते लावून घेतलं असतं. त्याने पडदा सोडला. गोणपाट जुनं होतं, मधून मधून विरलेलं. त्यातून समोरचा ओटा दिसतच होता.